गाठींचे कापड

गेल्या महिन्यात येथल्याच, म्हणजे इंदूरच्या, एका वाचक-भगिनींचे पत्र आले. त्यांचे चिरंजीव डब्लिनला नोकरीस आहेत. तेथील एका आयरिश मुलीशी त्यांचा विवाह झाला असून नवे जोडपे या दिवाळीस प्रथमच घरी येत आहे. सूनबाईंना परकेपणा वाटू नये म्हणून त्यांच्या खोलीचे पडदे, पलंगपोस आणि उशांचे अभ्रे ‘त्यांच्याकडच्या’ नक्षीच्या कापडाचे करावेत, असे या भगिनींच्या मनात आहे. क्लॉथ मार्केट पालथे घालून झाले. ‘केल्टिक’ असा शब्द उच्चारताच दुकानदार लाल-हिरव्या चौकड्यांचा तागा पुढे टाकतात. आपल्याला हवी ती एकमेकींत गुंतलेल्या दोऱ्यांची, आदि ना अंत अशी नक्षी. तिला नाव काय, ती मिळते कोठे, आणि न मिळाल्यास काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

प्रश्न घरगुती आहे, पण उत्तर पोस्टकार्डावर मावण्याजोगे नाही. म्हणून या महिन्याचे पान त्यासच वाहिले आहे.

प्रथम दुकानदाराची बाजू मांडली पाहिजे, कारण तो बिचारा अगदीच चुकलेला नाही. प्राचीन केल्ट लोकांच्या कापडाविषयी जे प्रत्यक्ष पुरावे हाती आहेत, ते बहुतांशी पट्ट्यापट्ट्यांच्या व चौकड्यांच्या कापडाचेच आहेत. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथील मिठाच्या खाणीत अडीच हजार वर्षांहूनही जुने कापडाचे तुकडे मिठामुळे न कुजता टिकले. त्यांत रंगीत धाग्यांच्या चौकड्या स्पष्ट दिसतात. स्कॉटलंडमध्ये फॉलकर्कजवळ रोमन नाण्यांनी भरलेले एक भांडे सापडले. त्याच्या तोंडाशी बोळा म्हणून कोंबलेली तिसऱ्या शतकातील चिंधीही चौकड्यांचीच. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील ग्रीक इतिहासकार डायोडोरस यानेही गॉल लोकांच्या रंगीबेरंगी, चौकड्यांच्या वस्त्रांचा उल्लेख केला आहे. तेव्हा ‘केल्टिक कापड’ याचा काटेकोर अर्थ चौकड्यांचे कापड असाच करावा लागेल!

मग गुंतलेल्या दोऱ्यांची ती नक्षी आली कोठून? ती आली ग्रंथांतून, धातूच्या दागिन्यांतून आणि दगडांतून. आयर्लंड व उत्तर इंग्लंडमधील ख्रिस्ती मठांत सातव्या ते नवव्या शतकांच्या दरम्यान चार शुभवर्तमानांच्या ज्या पोथ्या लिहिल्या गेल्या, त्यांच्या पानापानांवर हे गोफ विणलेले आहेत. ड्युरोची पोथी, लिंडिसफार्नची पोथी आणि इ. स. ८०० च्या सुमाराची केल्सची पोथी, ही त्यांतील प्रमुख नावे. केल्सच्या पोथीची ६८० पृष्ठे आज उपलब्ध आहेत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने ती जिवापाड जपली असून आता तिचे पान न् पान संगणकावर घरबसल्या पाहता येते. ड्युरो व लिंडिसफार्नच्या पोथ्यांत तर काही पृष्ठांवर अक्षर नाहीच, कडेपासून कडेपर्यंत नुसती नक्षी. विद्वान त्यांना ‘गालिचा-पृष्ठे’ म्हणतात. म्हणजे कागदासारख्या वापरलेल्या कातड्यावर गालिचा अवतरला, परंतु प्रत्यक्ष गालिच्यावर ती नक्षी यावयास आणखी अकराशे वर्षे जावी लागली.

याचे कारण मागाशी बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. मागावर उभा धागा आणि आडवा धागा काटकोनात भेटतात. चौकडी ही त्या भेटीतून आपोआप जन्मणारी नक्षी आहे. वळणावळणाने जाणारा, स्वतःच्याच खालून निघून पुन्हा वर येणारा गोफ हा लेखणीचा विलास आहे. तो मागावर आणावयाचा तर जॅकार्डचे यंत्र तरी हवे, नाही तर गालिच्यातल्याप्रमाणे एकेक गाठ मारण्याची चिकाटी हवी. भरतकामात वा छपाईत मात्र तो सहज उतरतो. बाजारात चौकडीचे कापड ठाणांनी मिळते आणि गोफाचे शोधून सापडत नाही, त्याचे मूळ येथे आहे.

ही नक्षी कापडावर आली ती विस्मृतीतून पुन्हा जागी झाल्यानंतर. १८५० साली आयर्लंडच्या मीथ परगण्यात समुद्रकिनारी एक अतिशय नाजूक कलाकुसरीची प्राचीन टाचणी सापडली. तिला ‘ताराची टाचणी’ हे नाव एका जवाहिऱ्याने विक्रीच्या सोयीसाठी दिले. तारा येथील राजांशी तिचा काडीमात्र संबंध नाही. दुसऱ्याच वर्षी ती लंडनच्या महाप्रदर्शनात झळकली आणि तिच्या नकला घरोघर गेल्या. १८५६ मध्ये ओवेन जोन्स यांनी जगातील अलंकरणाचा एक थोर संग्रह प्रसिद्ध केला. त्या एकाच ग्रंथात भारतीय नक्षीचे प्रकरण आहे आणि केल्टिक नक्षीचेही. पुढे १८७५ साली आर्थर लिबर्टी यांनी लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर दुकान थाटले ते पौर्वात्य कापडासाठी. आपल्याकडील टसर रेशीम लीक गावचे टॉमस वॉर्डल रंगवून व छापून देत आणि लिबर्टी ते विकीत. त्याच दुकानाने शतक संपता संपता केल्टिक नक्षीचा छंद इंग्रजी मध्यमवर्गाला लावला. आइल ऑफ मॅन या बेटावरील आर्चिबाल्ड नॉक्स हे त्यांचे प्रमुख आरेखक. त्यांनी लिबर्टीसाठी चांदीची व कथिलाच्या मिश्रधातूची भांडी आखली, तशीच कापडे व गालिचेही आखले.

आयर्लंडमध्ये याच सुमारास स्वदेशीची हवा वाहू लागली होती. १८९८ पासून डोनेगल परगण्यातील किलिबेग्ज येथे हाताने गाठी मारलेले गालिचे होऊ लागले व त्यांत जुनी गोफनक्षी आली. डब्लिनजवळ १९०२ साली एव्हलिन ग्लीसन यांनी ‘डन एमर’ ही स्त्रियांची उद्योगसंस्था काढली, ती विणकाम, भरतकाम व मुद्रण यांसाठी. तेथे भरतकामाची बाजू लिली येट्स व छापखान्याची बाजू एलिझाबेथ येट्स सांभाळीत. रवींद्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ला प्रस्तावना लिहिणाऱ्या कविवर्य येट्स यांच्या या भगिनी होत. कॉर्क शहरातील होनन चॅपल हे प्रार्थनागृह १९१६ मध्ये पूर्ण झाले. त्यातील डन एमरची वस्त्रे पाहिली म्हणजे जुन्या पोथीतील नक्षी धाग्यात उतरली असता किती शोभते, याची कल्पना येते.

याच ठिकाणी एक सावधगिरीची सूचना. अशा कापडासोबत किंवा उशीसोबत पुष्कळदा एक छापील चिठ्ठी येते: ही गाठ अनंत प्रेमाची, ती शौर्याची, तिसरी मातृत्वाची. त्या चिठ्ठीवर भाबडेपणाने विश्वास ठेवू नये. पोथी लिहिणाऱ्या भिक्षूंनी गाठींचा असा कोश मागे ठेवलेला नाही. ॲरन बेटांवरील जाड लोकरी स्वेटरांचेही तेच. त्यांच्या विणीचा संबंध केल्सच्या पोथीशी विसाव्या शतकात हाइन्झ कीव्हे या लोकरीच्या व्यापाऱ्याने जोडून दिला. प्रत्यक्षात ही वीण फार जुनी नाही. घराण्याघराण्याची वीण वेगळी व तिच्यावरून बुडालेल्या कोळ्याचे प्रेत ओळखीत, या समजुतीला सिंज यांच्या १९०४ सालच्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकातील एका प्रसंगाने मोठाच हातभार लावला. नाटकात बहिणी भावाला ओळखतात ते मोज्यात चुकून सुटलेल्या टाक्यांवरून. घराण्याच्या विणीचा तेथे प्रश्नच नाही. नक्षी सुंदर आहे एवढे पुरे. तिच्या गळ्यात खोटी वंशावळ बांधण्याचे कारण नाही.

आता या नक्षीच्या गाभ्याकडे वळू, आणि मला स्वतःला यातच अधिक गोडी वाटते. ही कला पुन्हा सामान्य माणसाच्या हाती देणारा गृहस्थ आमच्याच व्यवसायातला होता. जॉर्ज बेन यांचा जन्म १८८१ चा, स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाचा. कर्कोल्डी येथील हायस्कूलमध्ये ते चित्रकला शिकवीत. ही नक्षी म्हणजे कोणा अलौकिक प्रतिभेची करामत नसून तिला रीत आहे, आणि ती रीत शाळकरी मुलाला शिकविता येते, हे त्यांनी वर्गात सिद्ध केले. त्यांचे पुस्तक १९५१ साली निघाले तेव्हा त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. १९६८ मध्ये ते वारले, आणि १९७० नंतरच्या दशकात त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या जगभर पसरल्या. आज केल्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी कापडांचे मूळ त्या पानांत सापडेल. त्यांच्याही अगोदर रोमिली ॲलन या अभियंता-संशोधकाने शिळांवरील शेकडो गाठी तपासून असे दाखविले होते की, मूळ साधी वेणी घ्यावी आणि ठराविक जागी तिचे धागे एकमेकांस न ओलांडता मागे वळवावेत, म्हणजे गाठ तयार होते.

आमच्या भगिनींना ही रीत समजावून सांगण्यास इंग्रजी पुस्तकाची गरज नाही. त्यांनी ठिपक्यांची रांगोळी काढली आहे, एवढे पुरेसे आहे. आलेख-कागदावर उभे तीन व आडवे चार असे बारा ठिपके समान अंतरावर द्यावेत. त्यांच्याभोवती एक चौकट आखावी. कडेच्या ठिपक्यांपासून चौकट अर्ध्या अंतरावर असावी. आता लगतच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून तिरकी रेघ सोडावी. कॅरमची सोंगटी जशी कडेवर आपटून तेवढ्याच कोनात परत फिरते, तशी ही रेघ प्रत्येक कडेवरून परतवीत न्यावी. सर्व फटी फिरून ती जेथून निघाली तेथेच येऊन मिळते. मग एका टोकापासून तिच्यावर पुन्हा लेखणी फिरवावी आणि प्रत्येक फुलीवर एकदा वरून, एकदा खालून असा क्रम धरावा. हा क्रम शेवटपर्यंत कधीही चुकत नाही, तो आपोआप जुळतो. मुलांना हे करून दाखविले म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहण्यासारखे असते.

यात एक गणिती गंमतही आहे. उभ्या व आडव्या ठिपक्यांच्या संख्यांचा जो मसावि येईल, तितके स्वतंत्र धागे त्या वेणीत असतात. तीन व चार यांचा मसावि १, म्हणून धागा एकच. चार व सहा घेतले तर धागे दोन. पाच व पाच घेतले तर पाच. हैदराबाद वा बेळगावकडील वाचकांनी दाक्षिणात्य शेजारणींच्या अंगणात ठिपक्यांना वळसे घालीत जाणारे एकरेषी कोलम पाहिले असेल; आयताकृती मांडणीच्या साध्या कोलमलाही हाच नियम लागू पडतो. आयर्लंडच्या भिक्षूने ते कोलम पाहिले नव्हते आणि कोलम काढणारीने केल्सची पोथी पाहिली नव्हती. कोणी कोणापासून घेतले, असा वाद येथे उकरून काढू नये. ठिपके आणि वळसा हाती आले की हात त्याच वाटेने जातो. साध्या वेणीत मधेच आडभिंत घालून रेघ वळविली की मात्र धाग्यांची संख्या बदलू शकते. तेव्हा प्रत्येक बदलानंतर बोट फिरवून पाहावे.

हे बोट फिरविणे विकत घेतानाही कामास येते. कापड समोर आले की एक धागा निवडून त्यावरून बोट न्यावे. तो सलग दोनदा वरून गेला, किंवा मधेच कोठे विरून गेला, तर ते काम घाईचे समजावे. जुन्या नक्षीत धागा तुटत नाही. संपलाच तर तो प्राण्याच्या मुखात वा शेपटीत किंवा चक्राकार वळणात संपतो. विलायतेत व विशेषतः अमेरिकेत, जेथे आयरिश व स्कॉटिश कुळीची माणसे मोठ्या संख्येने स्थायिक आहेत, गोधडीच्या कामासाठी असे छापील सुती कापड निघते. ते हलके, ४४ इंची पन्ह्याचे असते. उशांच्या अभ्र्यांना ते उत्तम, पडद्याला त्याचा झोक येत नाही. पडद्याच्या जातीचे ५४ इंची कापड दुर्मीळ. आयरिश तागाचे, अंगच्याच रंगात नक्षी विणलेले टेबलपोस मात्र मिळतात. चिरंजीव डब्लिनहून येतच आहेत, तर त्यांच्या पेटीत एक असा टेबलपोस आणि मीटर-दोन मीटर छापील कापड येणे अवघड नाही. मागणी करताना ‘केल्टिक गोफनक्षी’ असे स्पष्ट सांगावे, आणि उच्चार ‘क’चा करावा, ग्लासगोचा एक नामांकित फुटबॉल संघ स्वतःस ‘सेल्टिक’ म्हणवितो, तेव्हा ‘स’ म्हटल्यास हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा पदरात पडावयाचा!

पूर्ण पडदा नक्षीच्या कापडाचा करावयाचा झाल्यास नक्षीचे आवर्तन मोजल्यावाचून कात्री लावू नये. समजा, पडद्याची लांबी शिलाईच्या दुमडीसह २४५ सेंटीमीटर आहे आणि नक्षी दर ६४ सेंटीमीटरला पुन्हा येते. तर प्रत्येक पट्टीस चार आवर्तने, म्हणजे २५६ सेंटीमीटर कापड धरावे लागेल. नाही तर दोन पट्ट्यांच्या जोडावर गाठी विस्कटतील. फुलांच्या कापडात हा दोष खपून जातो. गोफात एक धागा अर्ध्या बोटाने सरकला तरी तो डोळ्यांत खुपतो.

रंगाविषयीही एक गैरसमज आहे. आयरिश म्हणजे हिरवे, असे सर्वांस वाटते. केल्सच्या पोथीत हिरवा आहे, नाही असे नाही. परंतु डोळ्यांत भरतात ते पिवळा, तांबडा आणि निळा. तो पिवळा म्हणजे हरताळ आणि तांबडा म्हणजे शेंदूर. आपल्या पोथ्यांत चुकलेले अक्षर पुसण्यास हरताळ फासीत. त्यावरूनच वाक्प्रचार आला. तेथे त्याच हरताळाने अक्षर उजळविले आहे. निळा रंग वोड नावाच्या झाडापासून काढीत आणि त्यातील रंगद्रव्य आपल्या निळीचेच. तेव्हा हळदी, शेंदरी व नीळ हे तीन रंग निवडले, तर ते पोथीशी इमान राखतील आणि दिवाळीच्या घरातही परके दिसणार नाहीत.

आणखी एक गोष्ट कोणी सांगितल्यावाचून लक्षात येणार नाही, म्हणून लिहितो. ही नक्षी धर्मग्रंथातली आहे. तिच्यातील किनारी, वेण्या, चौकोन हे निव्वळ अलंकार होत. ते कोठेही चालतील. परंतु वर्तुळांकित क्रूस, किंवा पंख असलेला मनुष्य, सिंह, वृषभ व गरुड ही चार शुभवर्तमानकारांची चिन्हे त्यांच्या श्रद्धेशी निगडित आहेत. आपण ओंकार पायपुसण्यावर सहन करणार नाही. तद्वत ही चिन्हे बैठकीच्या चादरीवर वा पायाखालच्या सतरंजीवर येऊ देऊ नयेत.

तसेच, काही शिवण्यापूर्वी सूनबाईंनाच एकदा विचारावे. त्यांच्या माहेरी असे पडदे कदाचित मुळीच नसतील. आपल्यापैकी किती घरांच्या भिंतींवर वारली चित्रे असतात? तरी परप्रांतीय स्नेही मराठी माणसासाठी हौसेने तीच भेट आणतात, आणि आपण ती संकोचाने घेतो. कोणती नक्षी आवडते, आजीच्या घरी काही भरतकाम होते काय, हे दूरध्वनीवर विचारण्यात गुपित फुटेल खरे. पण संबंध खोलीला जत्रेतल्या दुकानाचे रूप येणार नाही. माझे मत विचाराल तर, साधे खादीचे किंवा हातमागाचे पांढरट पडदे करावेत आणि गोफ फक्त काठाला असावा.

आणि तो काठ येथेच होण्यासारखा आहे. धार जिल्ह्यातील बाग गावचे छापेकाम आपल्यापासून दूर नाही. काळ्या व तांबड्या रंगांत त्या कारागिरांचा हात बसलेला आहे. महेश्वरी साडीच्या काठांवरील नक्षी तेथील किल्ल्याच्या व घाटाच्या दगडी कोरीवकामावरून उचलली असे सांगतात. शिळेवरून कापडावर येणे हे आपल्या नर्मदाकाठालाही नवीन नाही. आलेख-कागदावर स्वतः आखलेली चार बोटे रुंदीची वेणी ठसे कोरणाऱ्यास द्यावी. ठशाचा जोड जेथे धागा खालून जातो तेथे ठेवावयास सांगावा, म्हणजे ठसा केसभर सरकला तरी दोष झाकला जातो. ठसा करवून घेणे महाग वाटल्यास साखळी टाक्याने भरावे. त्याहून सोपा उपाय सुती दोरीचा. तीन-चारची एकधागी वेणी घेतली असता एकच दोरी कापडावर टाचीत नेता येते व सबंध नक्षीत जोड एकदाच येतो. दोरी किती लागेल हे कागदावरील रेघेवर सुतळी फिरवून आधी मोजून घ्यावे, कापड धुऊन आटवून घ्यावे, आणि कोपऱ्याचा तुकडा सर्वांत प्रथम आखावा. सरळ काठ कोणासही साधतो, कोपऱ्यावर गोफ वळविताना मात्र बहुतेकांची फुली चुकते. दोन्ही बाजूंचे काठ कोपऱ्यापासून मध्याकडे आखीत आणावेत. मध्यावर फरक उरला तर वेणी किंचित सैल वा घट्ट करून तो सहज जिरविता येतो.